एकाच शहरात मुलगी गमावलेले दोन बाप, आणि त्यांच्या मतांमागचा इतिहास

इस्रायल-पॅलेस्टाईनवरून आपल्याकडे वाद पेटला की थोड्या वेळात कोणीतरी एक व्हिडिओ टाकतोच. त्यात हल्ल्यातून वाचलेली एखादी बाई नाहीतर मुलगी गमावलेला एखादा बाप बोलत असतो आणि सोबत लिहिलेलं असतं की बघा, ज्याने भोगलंय तो काय म्हणतोय ते ऐका. दहा मिनिटांत समोरचा माणूस दुसरा व्हिडिओ टाकतो. त्यातल्या बापानेही मुलगीच गमावलेली असते, त्याच जेरुसलेममध्ये, चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, मधे फक्त चार वर्षं गेलेली, आणि तो बरोबर उलटं बोलत असतो. मग दोन्हीकडचे लोक एकमेकांना म्हणतात की तुमचा माणूस दुःखाने बिथरलाय नाहीतर कोणीतरी त्याला वापरतंय. मला हे खूप खटकतं. यातलं कोणीच खोटं बोलत नाहीये आणि कोणीच बिथरलेलं नाहीये. त्यांची मतं कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे २०२३ पर्यंत नाही, चांगलं शंभर वर्षं मागे.

हेब्रॉनपासून सुरुवात करू. जेरुसलेमच्या दक्षिणेला हे गाव आहे. अब्राहमची कबर तिथे आहे असं ज्यू मानतात आणि मुसलमानही मानतात (त्यांच्यासाठी तो इब्राहिम). शेकडो वर्षं तिथे थोडे ज्यू राहत होते, जुनी घराणी तर अरबीच बोलायची, आणि १९२४ नंतर युरोपातून आलेले धार्मिक शाळेचे विद्यार्थीही त्यात आले. १९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेममधल्या पश्चिम भिंतीवरून (ज्यूंची पवित्र जागा) तणाव वाढला, ज्यू लोक अल-अक्सा मशीद ताब्यात घेणार अशी अफवा पसरली, आणि २४ ऑगस्टला हेब्रॉनमध्ये जमावाने घरात घुसून ६७ ज्यूंना मारलं. बायका, मुलं, म्हातारे, कोणी बघितलं नाही. पण त्याच दिवशी त्याच गावातल्या बऱ्याच अरब कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवलं, दारात उभं राहून जमावाला परत पाठवलं, आणि शेकडो लोक वाचले त्यात या घरांचा मोठा वाटा होता. इंग्रजांनी मग उरलेल्यांना गावाबाहेर हलवलं, काही परत आले पण १९३६ पर्यंत तेही गेले.

आता हे वाचलेले लोक काय सांगत राहिले ते बघा. काहींच्या घरात गोष्ट सांगितली गेली ती ६७ प्रेतांची, म्हणजे शेजाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नका. काहींच्या घरात सांगितली गेली ती दार अडवून उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याची. १९६७ च्या युद्धात हेब्रॉन इस्रायलच्या ताब्यात आलं, १९६८ च्या वल्हांडण सणाला रब्बाय (ज्यू धर्मगुरू) मोशे लेव्हिंगर काही कुटुंबं घेऊन तिथल्या एका हॉटेलात उतरले आणि उठायलाच तयार झाले नाहीत, त्यातून पुढे किर्यात अर्बा ही ज्यू वस्ती उभी राहिली. आम्ही १९२९ ची जागा परत घेतोय असं हे लोक म्हणायचे. १९९० च्या दशकात १९२९ मधून वाचलेल्यांच्या वंशजांपैकी काहींनी जाहीर सांगितलं की हे वस्तीवाले आमच्या नावाने बोलत नाहीत, त्यांना तिथून हलवा. आणि दुसऱ्या काही वंशजांनी तितक्याच ठामपणे वस्तीवाल्यांना पाठिंबा दिला. हल्ला एक, गाव एक, कधी कधी घराणंही एक. साठ-पासष्ट वर्षांनीही उत्तर एक नव्हतं, त्यामुळे आजच्या फुटीचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

१९४८ वर मी इथे फार थांबत नाही कारण त्यावर खूप लिहिलं गेलंय. एवढंच लक्षात ठेवा की ९ एप्रिलला देर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून जास्त पॅलेस्टिनींना मारलं आणि चार दिवसांनी १३ एप्रिलला हदासा हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ताफ्यावर हल्ला होऊन ७८ लोक गेले, त्यात डॉक्टर आणि नर्सेस होत्या. मुळात दोन्हीकडे वाचलेले आहेत, आणि दोन्हीकडे मोजणी वेगवेगळ्या तारखेपासून सुरू होते. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या.

आता हल्ल्यात नातेवाईक गमावलेल्यांनी संघटना कधी आणि का काढल्या ते बघू, कारण खरी गोष्ट इथे आहे.

१९८५ च्या मे महिन्यात इस्रायलने लेबनॉनमध्ये पकडले गेलेले तीन सैनिक सोडवायला ११५० कैदी सोडले. जिब्रिल नावाच्या नेत्याच्या संघटनेशी झालेला सौदा म्हणून त्याला जिब्रिल करार म्हणतात. सुटलेल्यांत बॉम्ब लावणारे, बसवर हल्ला करणारे असे लोक होते. ज्यांच्या घरची माणसं यांनी मारली त्यांना कोणी विचारलंही नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ ला, अल्मागोर ही हल्ल्यांतल्या पीडितांची संघटना निघाली आणि तिची मागणी पहिल्यापासून सरळ आहे, खुन्यांना सौद्यात सोडू नका, सोडलेला माणूस परत मारतो. १९८५ मध्ये सुटलेल्यांत गाझाचे शेख अहमद यासीन होते. त्यांनीच १९८७ च्या डिसेंबरमध्ये हमास सुरू केली. म्हणजे अल्मागोरवाले जे म्हणत होते त्याला पुरावा दोन वर्षांत मिळाला असं त्यांना वाटलं, आणि हे वाटणं चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही.

मग ऑस्लो, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला शांतता करार. सप्टेंबर १९९३ ला इस्रायलचे पंतप्रधान रबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी व्हाईट हाऊसच्या हिरवळीवर हात मिळवले. पाच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानच्या पहाटेच्या नमाजाला, त्याच हेब्रॉनमधल्या त्याच कबरीच्या मशिदीत बारुख गोल्डस्टाईन नावाचा डॉक्टर सैनिकी गणवेशात घुसला आणि त्याने २९ जणांना गोळ्या घालून मारलं. तो किर्यात अर्बाचा रहिवासी होता. हेब्रॉनच्या ऐन मध्यात राहणाऱ्या वस्तीवाल्यांना हलवायचं का यावर रबिन सरकारात चर्चा झाली, हलवलं नाही, उलट पॅलेस्टिनी लोकांवरच कर्फ्यू लागला आणि त्यांच्या मुख्य बाजाराचे रस्ते बंद व्हायला लागले. त्या मशिदीतून जखमी होऊन बाहेर पडलेली शंभरावर माणसं होती. त्यांच्या मताबद्दल आपण फारसं ऐकत नाही, ते व्हिडिओ आपल्यापर्यंत येत नाहीत. पण ते आहेत, आणि त्यांची मोजणी १९९४ पासून सुरू होते.

चाळीस दिवसांनी, ६ एप्रिलला, अफुला गावात बसजवळ कारबॉम्ब फुटला, ८ जण गेले, हमासने हेब्रॉनचा बदला म्हणून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये तेल अवीवच्या डिझेनगॉफ रस्त्यावर ५ नंबरची बस, २२ मृत्यू. ४ नोव्हेंबर १९९५ ला रबिनना एका ज्यू तरुणानेच मारलं. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ-दहा दिवसांत जेरुसलेमची १८ नंबरची बस दोनदा उडवली गेली, त्यात दोन्ही मिळून ४५ गेले, शिवाय डिझेनगॉफ सेंटरबाहेर १३. आणि मे १९९६ मध्ये नेतन्याहू एक टक्क्याच्या आसपास फरकाने पंतप्रधान झाले. शांतता करार केला आणि बसेस उडायला लागल्या, एवढं साधं समीकरण इस्रायली माणसाच्या डोक्यात बसलं ते या दोन वर्षांत. तेव्हा बसमध्ये बसणारी शाळकरी मुलं आज पन्नाशीकडे झुकलीयेत आणि मतदान करतायत.

याच काळात उलटा प्रवाहही सुरू झाला. जुलै १९९४ मध्ये अरिक फ्रँकेन्थाल हा १९ वर्षांचा सैनिक सुट्टीत घरी येताना लिफ्ट घ्यायला गाडीत बसला, गाडी हमासची होती, त्याला मारून टाकलं. त्याचे वडील यित्झाक फ्रँकेन्थाल धार्मिक गृहस्थ, डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी टोपी. त्यांचं म्हणणं असं की माझा मुलगा गेला कारण शांतता झालेली नाही. त्यांनी जुन्या पेपरांमधून मुलं गमावलेल्या कुटुंबांची नावं शोधली, त्यांना पत्रं लिहिली, बऱ्याच जणांनी नकार दिला, थोड्यांनी होकार दिला आणि १९९५ मध्ये पेरेंट्स सर्कल सुरू झालं. १९९८ मध्ये गाझातल्या मुलं गमावलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांशी पहिली भेट झाली. पुढे दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या दुसऱ्या उठावात, गाझाचा संपर्क तुटला, मग वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेमची कुटुंबं आली. आज दोन्हीकडची मिळून सहाशेहून जास्त कुटुंबं त्यात आहेत. आत यायची अट एकच, या संघर्षात जवळचं माणूस गेलेलं असलं पाहिजे. अशी अट असलेल्या संस्थेची संख्या वाढावी असं कोणालाच वाटत नसणार.

आता सुरुवातीला सांगितलेले दोन बाप.

पहिले रामी एल्हानान. ग्राफिक डिझायनर, १९७३ चं युद्ध लढलेले, वडील ऑश्विट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेले. बायको नुरित ही जनरल मत्ती पेलेड यांची मुलगी, म्हणजे १९६७ च्या युद्धातला सेनापती जो नंतर अरबी साहित्याचा प्रोफेसर झाला आणि पॅलेस्टिनींशी बोला म्हणून आयुष्यभर सांगत राहिला. ४ सप्टेंबर १९९७ ला त्यांची मुलगी स्मादार शाळेची पुस्तकं घ्यायला मैत्रिणींबरोबर जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर गेली होती, तिथे तीन आत्मघाती हल्लेखोरांनी स्वतःला उडवलं. ती चौदा वर्षांचीही झाली नव्हती. नुरितने तेव्हाच सरकारच्या धोरणाला जाहीर दोष दिला, २००१ मध्ये तिला युरोपियन संसदेचा साखारोव्ह पुरस्कार मिळाला तो एका पॅलेस्टिनी लेखकासोबत विभागून, त्याचाही मुलगा इस्रायली सैनिकांच्या गोळीने गेलेला होता. रामी मात्र आधी नुसते रागाने पेटलेले होते, हे ते स्वतः सांगतात. आपल्याकडच्या सुतकासारखे ज्यूंमध्ये सात दिवस लोक घरी भेटायला येतात त्याला शिव्हा म्हणतात, त्यात फ्रँकेन्थाल येऊन गेले होते. नंतर वर्षभराने कळल्यावर रामींना संताप आला, की मुलगी जाऊन आठवडा होत नाही तोवर हा माणूस शांततेचं बोलायला माझ्या घरात कसा येऊ शकतो. तरी एकदा बघू म्हणून ते मीटिंगला गेले, लांब उभे राहिले. बसमधून पॅलेस्टिनी आईबाप उतरताना त्यांनी बघितले, त्यात काळ्या पारंपरिक कपड्यातली एक बाई छातीशी लहान मुलाचा फोटो धरून आली. रामी म्हणतात की तोपर्यंत पन्नाशीकडे आलेल्या माझ्या आयुष्यात पॅलेस्टिनी माणूस म्हणजे रस्त्यावरचा मजूर नाहीतर टीव्हीवरचा अतिरेकी, दुःख असलेला माणूस म्हणून मी त्यांना पहिल्यांदा त्या दिवशी बघितलं.

मधेच एक गोष्ट सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. त्या १९९७ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये लागोपाठ हल्ले झाल्यावर नेतन्याहूंनी हमासचा नेता खालेद मशाल याला जॉर्डनमध्ये विष घालून मारायचा आदेश दिला. २५ सप्टेंबरला अम्मानमध्ये मोसादचे लोक पकडले गेले, राजा हुसेन भडकले, आणि प्रकरण मिटवायला इस्रायलला मशालवरचा उतारा द्यावा लागला आणि मधल्या काळात परत तुरुंगात गेलेल्या शेख यासीनना सोडावं लागलं. स्मादारला जाऊन महिना व्हायच्या आत हमासचा संस्थापक घरी गेला.

दुसरे बाप अर्नोल्ड रॉथ. ऑस्ट्रेलियातून इस्रायलला आलेलं कुटुंब. ९ ऑगस्ट २००१, दुसरा इंतिफादा ऐन भरात, जेरुसलेममध्ये किंग जॉर्ज आणि जाफा रस्त्यांच्या कोपऱ्यावर सबारो नावाचं पिझ्झाचं दुकान, दुपारची वेळ, शाळांना सुट्टी. हल्लेखोराने गिटारमध्ये बॉम्ब लपवला होता. १५ जण तिथेच किंवा लगेच गेले, त्यात निम्मी लहान मुलं. रॉथ यांची मुलगी मालकी १५ वर्षांची होती. तिची धाकटी बहीण गंभीर अपंग आहे आणि मालकी तिचं सगळं करायची, म्हणून आईबापांनी तिच्या नावाने अपंग मुलांना घरीच सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी संस्था काढली, जी ज्यू, मुसलमान, ख्रिश्चन कोणालाही मदत करते. हे मुद्दाम सांगतोय. रॉथना लोक द्वेषाने भरलेला माणूस म्हणून उडवून लावतात, तो तसा माणूस नाही.

हल्लेखोराला त्या जागेपर्यंत पोचवणारी होती अहलाम तमिमी, तेव्हा विद्यार्थिनी. तिला १६ जन्मठेपा झाल्या. आणि १८ ऑक्टोबर २०११ ला ती सुटली. जून २००६ मध्ये गाझाच्या सीमेवरून पळवून नेलेल्या गिलाद शालित या एका सैनिकाच्या बदल्यात १०२७ कैदी सोडले गेले, त्यात ती होती. ती जॉर्डनला गेली, तिथे तिचं जंगी स्वागत झालं, टीव्हीवर कार्यक्रम मिळाला, केल्याचा पश्चात्ताप नाही असं ती कॅमेऱ्यासमोर सांगते. मेलेल्यांत अमेरिकन नागरिक होते म्हणून अमेरिकेने २०१७ मध्ये तिच्यावरचा खटला जाहीर केला, जॉर्डनच्या कोर्टाने तिला द्यायला नकार दिला. रॉथ यांचं सगळं आयुष्य आता या एका मागणीत आहे, तिला कोर्टात उभं करा. या माणसाला जाऊन तुम्ही समेट कर असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याचा प्रश्न शांतता हवी की नको हा नाहीच, त्याचा प्रश्न आहे न्यायाचा, आणि तो न्याय त्याच्याच सरकारने त्याला न विचारता सौद्यात देऊन टाकला.

२०११ च्या सौद्याआधी हल्ल्यांतल्या कुटुंबांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली होती, कोर्टाने सरकारच्या निर्णयात हात घातला नाही. सबारोमध्ये आईवडील आणि तीन भावंडं गेलेल्या एका तरुणाने तर तेल अवीवला जाऊन रबिनच्या स्मारकावर रंग ओतला. आणि त्याच वेळी पेरेंट्स सर्कलमधले काही आईबाप म्हणत होते की माझा मुलगा परत येणार नाही पण शालितच्या आईचा येतोय ना, सोडा कैदी. हे दोन्ही आवाज एकाच आठवड्यात एकाच देशात उठत होते. आणि १०२७ च्या यादीत एक नाव याह्या सिनवार होतं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याची आखणी त्याने केली. १९८५ ला यासीन, २०११ ला सिनवार. इस्रायलमधला एखादा पीडित बाप कडवा का बोलतो हे समजून घ्यायचं असेल तर ही दोन नावं शेजारी ठेवून बघा.

पण मग रॉबी डॅमलिन. दक्षिण आफ्रिकेतून १९६७ मध्ये आलेल्या. मुलगा डेव्हिड तेल अवीव विद्यापीठात शिकत आणि शिकवत होता, वेस्ट बँकमध्ये राखीव सैनिक म्हणून जायला त्याचं मन नव्हतं तरी गेला. मार्च २००२ मध्ये ओफ्राजवळच्या चेकपोस्टवर एका पॅलेस्टिनी स्नायपरने दहा जणांना टिपलं, त्यात डेव्हिड. बातमी द्यायला आलेल्या सैनिकांना त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या की माझ्या मुलाच्या नावाने कोणालाही मारायचं नाही. तो मार्च इंतिफादातला सगळ्यात भयंकर महिना होता, २७ तारखेला नेतन्याच्या पार्क हॉटेलात सणाच्या जेवणावर ३० जण गेले आणि लगेच इस्रायली रणगाडे वेस्ट बँकच्या शहरांत शिरले. स्नायपर पकडला गेल्यावर रॉबीबाईंनी त्याच्या घरच्यांना पत्र लिहिलं. काही वर्षांनी त्याचं उत्तर आलं ते कडवट होतं, त्यात समेट वगैरे काही नव्हता. त्या तरी थांबल्या नाहीत. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण या मार्गावर गेलेल्यांना समोरून लगेच मिठी मिळते असं नाही.

पॅलेस्टिनी बाजूला बस्साम अरामिन. हेब्रॉनजवळचाच. सतराव्या वर्षी इस्रायली सैनिकांवर हल्ल्याच्या कटात सात वर्षं तुरुंगात गेला. तिथे एकदा ज्यूंच्या नरसंहारावरची फिल्म दाखवली, शत्रू मरताना बघायला मजा येईल म्हणून बसला आणि रडायला लागला, असं तो सांगतो. २००५-०६ च्या सुमाराला त्याने जुन्या इस्रायली सैनिकांबरोबर मिळून कॉम्बॅटंट्स फॉर पीस उभी केली. आणि जानेवारी २००७ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी अबीर अनाता गावात शाळेबाहेर सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने डोक्याला लागून गेली. गोळी झाडणाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. २०१० मध्ये दिवाणी कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं, नुकसानभरपाई मिळाली. रामी आणि बस्साम तेव्हापासून जवळचे मित्र आहेत, जगभर एकत्र बोलतात. पण नीट बघितलं तर बस्सामला न्याय रॉथपेक्षाही कमी मिळालाय. अहलाम तमिमीला निदान शिक्षा तरी झाली होती. बस्साम नंतर इंग्लंडला ब्रॅडफर्ड विद्यापीठात गेला आणि ज्यू नरसंहाराचाच अभ्यास करून एमए झाला. गाझाचे डॉक्टर इझेलदिन अबुएलैश यांचंही तसंच, इस्रायली हॉस्पिटलांत काम करणारा माणूस, १६ जानेवारी २००९ ला रणगाड्याचा गोळा घरात पडून तीन मुली आणि एक पुतणी गेली, आणि त्यांचा आक्रोश इस्रायली टीव्हीवर फोनवरून थेट ऐकू आला. तेही द्वेष नको असंच सांगत राहिले.

म्हणून दोन कप्पे केले की काम होत नाही. के विल्सन बघा. ब्रिटनमध्ये जन्मलेली, इस्रायलमध्ये टूर गाईड. १८ डिसेंबर २०१० ला बेट शेमेशजवळच्या जंगलात ती अमेरिकन मैत्रिणीबरोबर फिरत होती, दोन पॅलेस्टिनी पुरुषांनी दोघींना चाकूने भोसकलं. मैत्रीण तिच्या डोळ्यांसमोर गेली. के विल्सनला १३ वार लागले, तिने मेल्याचं सोंग केलं आणि ते गेल्यावर बांधलेल्या हातांनी चालत रस्त्यापर्यंत आली. झटापटीत तिच्या छोट्या चाकूने एकाला जखम झाली होती, त्या रक्ताच्या डीएनएवरून दोघं सापडले. ती तेव्हापासून पॅलेस्टिनी प्राधिकरण (वेस्ट बँकमधलं पॅलेस्टिनी सरकार) कैद्यांना आणि त्यांच्या घरांना जे पैसे देतं त्याविरुद्ध जगभर बोलत आली, आणि तरी सगळ्या पॅलेस्टिनींचा द्वेष करायला तिने नकार दिला. हे पैसे देणं ऑस्लोच्याही आधीचं, पीएलओ या अराफात यांच्या संघटनेच्या काळापासूनचं. बऱ्याच पॅलेस्टिनींच्या दृष्टीने लष्करी कोर्टाने आत टाकलेल्याच्या बायकापोरांना जगवणं हे समाजाचं कर्तव्य आहे, आणि के विल्सनच्या दृष्टीने तिच्या मैत्रिणीच्या खुन्याला पगार सुरू होता. अमेरिकेने २०१८ मध्ये यावरून मदत रोखणारा कायदा केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांनी हुकूम काढून पद्धत बदलायचं जाहीर केलं.

आपला संबंध कुठे येतो म्हणाल तर नरिमन हाऊस आहेच. २६/११ ला कुलाब्यातल्या त्या घरात रब्बाय गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा जण गेले, आणि सँड्रा सॅम्युएल या आयाबाईंनी दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर आणलं. त्याच्याबरोबर त्या इस्रायलला गेल्या, तिथे त्यांना मानद नागरिकत्व मिळालं. पण तो हल्ला लष्कर-ए-तोयबाचा होता, पॅलेस्टिनींचा त्यात हात नव्हता, तरी आपल्याकडचे बरेच जण दोन्ही गोष्टी एकाच पोतडीत टाकतात. दुसरा आणि जुना संबंध आपल्या बेने इस्रायली लोकांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा. अलिबाग, पेण, मुरूडकडचे शनिवार तेली. पन्नास-साठच्या दशकात हजारोंनी गेले, दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा दक्षिणेकडच्या गावांत वसवले गेले, अजून तिथे मराठी बोललं जातं, मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. अश्दोद गाझापासून फार लांब नाही. सायरन वाजला की शेल्टरमध्ये पळणाऱ्यांत पुरणपोळी करणाऱ्या आज्याही आहेत.

७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. गंमत म्हणवत नाही, पण गाझाच्या कडेच्या त्या किबुत्झांमध्ये (सामूहिक शेतीच्या वस्त्यांमध्ये) शांततावादी लोकच जास्त राहत होते. व्हिव्हियन सिल्व्हर, ७४ वर्षांच्या, गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून इस्रायली हॉस्पिटलांत नेऊन सोडायच्या, बेरी किबुत्झमध्ये घरातच मारल्या गेल्या. आधी पाचेक आठवडे त्या ओलीस आहेत असंच वाटत होतं. त्यांचा मुलगा त्यानंतर नोकरी सोडून शांततेच्या कामात उतरला. माओझ इनोन यांचे आईवडील नेतिव हासारामध्ये घरात जळून गेले, काही दिवसांतच त्यांनी सांगितलं की आम्हाला सूड नको. अझीझ अबू सारा, ज्यांचा भाऊ इस्रायली कोठडीतल्या मारहाणीनंतर गेला, ते आता त्यांच्यासोबत असतात, मे २०२४ मध्ये व्हेरोनाला दोघं पोपसमोर एकत्र उभे होते. आणि त्याच वेळी ओलिसांच्या नातेवाईकांतही फूट पडली. बहुतेक कुटुंबं म्हणत होती कोणतीही किंमत द्या पण आमची माणसं आणा, तर तिक्वा फोरममधली कुटुंबं, त्यांचीही मुलं गाझात अडकलेली, म्हणत होती की कैदी सोडून सौदा नको. स्वतःचं मूल आत असताना असं म्हणायला काय लागत असेल याचा मी विचार करून बघितलाय, मला नाही जमला. त्यांच्या डोक्यात २०११ होतं.

गाझात त्यानंतर काय झालं ते आपण रोज बघितलं, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांवर माणसं गेली. तिथे वाचलेल्या मुलांची मोजणी कुठल्या तारखेपासून सुरू होईल हे सांगायची गरज नाही.

दोन्हीकडच्या कुटुंबांचा एकत्र स्मृतिदिन २००६ पासून होतो, इस्रायलच्या अधिकृत स्मृतिदिनाच्या संध्याकाळी. पॅलेस्टिनींना यायला परवाने नाकारणं, मग कोर्टाने ते द्यायला लावणं, बाहेर शिव्या देणारी गर्दी, हे बऱ्याच वर्षी झालंय. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने पेरेंट्स सर्कलचे शाळांतले कार्यक्रम बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये रानाना शहरातल्या एका सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) हा कार्यक्रम पडद्यावर दाखवत होते तर तिथे जमावाने हल्ला केला, बघायला आलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढलं. मला स्वतःला रामी, बस्साम, रॉबी यांच्या बाजूला ओढ आहे, लपवत नाही. पण रॉथ यांच्या प्रश्नाला ते तिघंही उत्तर देऊ शकत नाहीत आणि मीही नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, १३ तारखेला शेवटचे २० जिवंत ओलीस घरी आले, बदल्यात जवळपास दोन हजार पॅलेस्टिनी सुटले, त्यातले अडीचशे जन्मठेपेचे किंवा लांब शिक्षेचे. काही इस्रायली घरांत त्या दिवशी ती यादी उघडून आपल्या माणसाच्या खुन्याचं नाव शोधलं जात होतं.

आणि सबारोचा आकडा आता १५ नाही, १६ आहे. तिथे एक तरुण आई आपल्या लहान मुलीला घेऊन बसली होती, मुलीला काही झालं नाही, आई कोमात गेली. जवळपास २२ वर्षं ती तशीच होती, मुलगी मोठी झाली. २०२३ च्या मे अखेरीला ती गेली, ७ ऑक्टोबरच्या चार महिने आधी.